डोळा लाल झाला तर थांबू नकोस

काचबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, आता सुटले बाई, असं म्हणालीस ना परवा? तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून सांगते. घाबरवायचं नाहीये गं तुला. १९६८पासून चालत आलेली पद्धत आहे, चांगली आहे, तुझा दाबही आटोक्यात आलाय. पण एक गोष्ट जन्मभर लक्षात ठेवायची.

तुझ्या वरच्या पापणीखाली डॉक्टरांनी डोळ्यातलं पाणी झिरपायला वाट केलीय. तिथे जो छोटा फुगवटा आलाय त्याला ते ब्लेब म्हणतात. वाट बुजू नये म्हणून ऑपरेशनच्या वेळी बहुतेकदा मायटोमायसिन नावाचं औषध लावतात. त्याने दाब छान उतरतो, पण पुढे फुगवट्यावरचा पडदा पातळ, पांढुरका होत जाऊ शकतो. कधी त्यातून पाणी पाझरतं, आणि मग त्याच वाटेने जंतू थेट डोळ्याच्या आत शिरू शकतात. म्हणून हा संसर्ग महिन्यांनीच काय, कित्येक वर्षांनीही होतो. होतो थोड्यांनाच, पण ज्याला होतो त्याची नजर एक-दोन दिवसांतही जाऊ शकते.

आणि आपली खोड तुला ठाऊक आहे. डोळा लाल दिसला की 'डोळे आले असतील'. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर साथ होती, तेव्हा घरोघरी हेच चाललं होतं. इतरांचं निभावतं, तुझं निभावणार नाही. मेडिकलमधून मागून आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असलं तर लाली ओसरते, आत जंतू मात्र वाढत राहतात. गुलाबपाणी, मध तर नावही काढू नकोस.

लाली, दुखणं, चिपडं, उजेड सहन न होणं, अंधूक दिसणं, किंवा उगाच पाणी वाहायला लागणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. रात्र असली तर डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात. तिथे पहिलं वाक्य हेच, "माझं काचबिंदूचं ऑपरेशन झालंय, ब्लेब आहे." वेळेत गेलीस तर पुष्कळदा तासातासाने घालायच्या अँटिबायोटिक थेंबांवर भागतं. उशीर झाला की डोळ्याच्या आत इंजेक्शन, कधी आणखी एक ऑपरेशन.

डोळा चोळायची सवय मात्र सोड, लहानपणापासून ओरडतेय मी. थेंबांच्या बाटलीचं टोक पापणीला लावू नकोस, साखर सांभाळ, पोहायला किंवा लेन्स घालायला आधी विचार. आणि असं काही झालंच, तर मला फोन नंतर कर. आधी रिक्षा पकड.