तारखांची शहानिशा

लाखनी, जि. भंडारा

चिरंजीव बाळास,

तुझे पत्र पोचले. धान खरेदी केंद्राच्या संगणकप्रणालीतून काढलेला तक्ता एक्सेलमध्ये उघडताच तारखांच्या रकान्यात नुसत्या हॅशच्या खुणा उमटल्या आणि हंगामाचे दफ्तर बुडाले या समजुतीने तू रात्रभर जागलास, हे वाचून हसूही आले आणि वाईटही वाटले. रकाना अरुंद पडला म्हणजे एक्सेल तसे करते. त्याची कड ओढून तो रुंद केलास की तारखा दिसतील. क्वचित ४५६०१ असा आकडा दिसेल, त्यानेही हाय खाऊ नये. कारण १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून हे यंत्र केवळ दिवसांची गणती ठेवते, आणि तिच्या हिशेबी ५ नोव्हेंबर २०२४ हा ४५६०१ वा दिवस होय. (त्या गणतीत १९०० च्या फेब्रुवारीला नसलेली २९ तारीख घुसलेली आहे, लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीतील ही चूक मेळ राहावा म्हणून जाणूनबुजून कायम ठेवली गेली. कारकुनी परंपरेचा हा विजयच म्हणायचा!)

धास्ती बाळगावी ती निराळ्याच गोष्टीची. निर्यात झालेल्या सीएसव्ही फायलीत ‘०५/११/२०२४’ एवढीच अक्षरे असतात, आणि ज्या संगणकाचे रीजन सेटिंग अमेरिकी राहून गेले आहे तो, त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे महिना आधी वाचून, पाच नोव्हेंबरला आलेले खरिपाचे धान अकरा मेच्या खाती निमूटपणे जमा करतो. आपल्या जिल्ह्यात त्या सुमारास उन्हाळी धान निघतच असल्यामुळे ही नोंद तपासनिसाच्या नजरेलाही खटकत नाही. ‘१३/११’ पासून पुढे मात्र, तेरावा महिना नसल्याने, यंत्र हतबल होऊन ती अक्षरे मजकूर समजून डावीकडे सारते. तेव्हा एकाच रकान्यात काही नोंदी डावीकडे व काही उजवीकडे दिसल्या, तर शहाजोगपणे उजवीकडे बसलेल्यांचाच संशय आधी घ्यावा.

तक्त्यातील जमिनीच्या गट क्रमांकांचीही तीच अवस्था. ‘५/२’ हा हिस्सा एकदा तारीख ठरला की मूळ क्रमांक त्या तक्त्यातून परत मिळत नाही. याच खोडीपायी २०२० साली मानवी जनुकांच्या नामकरण समितीला ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ या अक्षरांनी सुरू होणारी काही जनुकांची संक्षिप्त नावे बदलावी लागली. उलट मालगुजारीच्या अमदानीतील, १९०० पूर्वीच्या तारखांना एक्सेल तारीख मानायलाच तयार नसते.

म्हणून फायलीवर दोनदा टिचकी मारून ती उघडण्याची सवय सोड. कोऱ्या तक्त्यात, ‘डेटा’ विभागातील ‘फ्रॉम टेक्स्ट’ मार्गाने ती आण. तारखेचा रकाना दिवस-महिना-वर्ष या क्रमाचा आणि गटाचा रकाना निव्वळ मजकुराचा, असे आधीच ठरवून दे. अस्सल फाईल जशीच्या तशी वेगळी जतन कर, आणि एक्सेलने ‘सेव्ह करू का’ असे विचारल्यास तिच्यापुरते साफ नाही म्हण. प्रणाली सांभाळणाऱ्यांस लेखी विनंती कर की निर्यातीतील तारीख २०२४-११-०५ अशी, वर्ष आधी धरून द्यावी. १९८८ च्या आयएसओ ८६०१ या प्रमाणाचा हाच क्रम आहे आणि त्यात दिवस-महिन्याचा घोळ उरत नाही.

मे महिन्याचा गोषवारा वर रवाना करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक नोंद काटापावतीशी ताडून पाहा, आणि त्यातले किती धान नोव्हेंबरात परत गेले ते मला उलट टपाली कळव.

तुझा,
काका