केळीच्या पानाचा पाठ

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्याची सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपविली. साहित्य मात्र खेड्यात मिळेल तेच वापरायचे होते. नंदबाबूंनी बांबूसारख्या साध्या वस्तूंतून ते नगर सजविले. निसर्गातून कला कशी शिकवावी याचा विचार करताना आपल्या जळगाव जिल्ह्यातला हा धडा मला नेहमी आठवतो.

एरवी आपल्याकडे चित्रकला म्हटली की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली नदी! ज्या मुलाच्या घरामागे केळीची बाग आहे, त्याच्याही कागदावर नारळाचे झाड उभे राहते.

गेल्या सुट्टीत मी आमच्या ओट्यावर एक प्रयोग केला. शेजारची मुले, चुलतभाऊ आणि आजी जमली. मधोमध केळीचे एक फाटके पान ठेवले. पहिली दहा मिनिटे पेन्सिलीला हात लावायचा नाही, नुसते पाहायचे, एवढाच नियम.

मुलांनी पान अखंड काढले. ‘फाटकं काढलं तर मार्क कमी मिळतील,’ एकाने खुलासा केला. भावाने फाटी दाखविल्या, पण वेड्यावाकड्या. मी दुरुस्ती करणार, तोच आजी म्हणाली, ‘अरे, पान शिरेशिरेनंच फाटतं.’ आम्ही पुन्हा पाहिले. मधल्या दांड्यापासून कडेकडे समांतर शिरा गेल्या होत्या आणि प्रत्येक फाट त्यांच्याच वाटेने आली होती. अशा फाटण्याने पानावरचा वाऱ्याचा जोरही कमी होतो. दुसऱ्या चित्रात मुलांच्या पानांतून वारा खेळू लागला.

आजीला मात्र ‘मला कुठं चित्र येतं?’ असेच वाटत होते. श्रावणात कानबाईच्या नारळाला नाक-डोळे देऊन देवीचा चेहरा घडविणारी हीच आजी! तिच्या हातात मी गेरू दिला. तिने पान न काढता आधी त्याच्या शिरा ओढल्या; पान आपोआप उमटले.

यावरून मला एवढे उमगले: वस्तू सर्वांना एकच द्यावी, पाठ मात्र वयाप्रमाणे बदलावा. मुलांना पाहायला वेळ द्यावा, तरुणांना ‘असे का?’ म्हणून विचारावे आणि वृद्धांना शिकविण्याआधी त्यांच्याकडून शिकून घ्यावे. उद्या आपल्यापैकी अनेकजण शिक्षक होतील. फळ्यावर डोंगर काढण्यापूर्वी त्यांनी वर्गात एक फाटके पान न्यावे, आणि त्याला पूर्ण मार्क द्यावेत.