वाळलेला ॲश पाडायचा खर्च: ट्रकचा दिवस शेजाऱ्यांसोबत वाटून घ्या

न्यू जर्सीत जुन्या वस्तीत घर घेतलं असेल, तर परसातलं ॲशचं झाड एकदा नीट न्याहाळा. पाचूच्या रंगाचा चिमुकला भुंगेरा, एमराल्ड ॲश बोरर, २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २०१४ मध्ये आपल्या ब्रिजवॉटरला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी वाटा कोरतात, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि काही वर्षांत ते उभ्या उभ्या वाळतं. वाळलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो. दोरावर चढून करवत चालवणाऱ्याचा भार ते खोड पेलेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. कमी पैशात चढायला कुणी तयार झाला तरी त्याला कृपा करून चढवू नका.

अशा झाडासाठी ग्रॅपल सॉ लावलेला क्रेनचा ट्रक बोलवावा. क्रेनच्या टोकाला लोखंडी पंजा असतो आणि पंजाखाली हायड्रॉलिक करवत. पंजा फांदी घट्ट धरतो, करवत ती खालून कापते आणि धरलेला तुकडा अलगद जमिनीवर येतो. चालवणारा हातात रिमोट घेऊन लांब उभा असतो. झाडावर माणूस नाही, झाडाखालीही नाही.

आता पैसे. नवा ट्रक पाच लाख डॉलरच्या पुढे जातो, त्यामुळे मालक झाडापेक्षा ट्रकच्या वेळेचे पैसे लावतो. घरालगतच्या साठ-सत्तर फुटी ॲशला साधारण १,५०० ते ३,५०० डॉलर धरा. ट्रक, माणसं आणि फांद्यांचा भुगा करणारं चिपर मिळून अख्खा दिवस ३,००० ते ६,०००. चढून जे काम दिवसभर चालतं ते हा ट्रक दोन-तीन तासांत उरकतो. म्हणजे एकाच झाडासाठी तो बोलावला तर त्याच्या येण्याजाण्याचा सगळा बोजा तुमच्यावर पडतो. शेजारच्या दोन घरांतही ॲश वाळलेले असतील (बहुधा असतातच), तर तिघांनी मिळून एक दिवस ठरवा आणि दिवसाचाच भाव मागा. जानेवारी-फेब्रुवारीत कामं कमी असतात, भाव सैल होतो, शिवाय गोठलेल्या जमिनीवर हिरवळ कमी चेपते.

भाव घेताना पाहणीला आलेल्या माणसाला ट्रक नेमका कुठे उभा करणार ते दाखवायला सांगा. क्रेनचा हात जितका लांबवावा तितकं कमी वजन ती उचलते, म्हणून घरामागचं झाड महाग पडतं. ट्रक प्रचंड जड असतो. ड्राइव्हवेला तडा गेला तर भरपाई कोण देणार आणि ट्रकच्या आधाराच्या पायांखाली फळ्या घालणार का, हे कागदावर घ्या. सेप्टिक टाकी कुठे आहे ते आधी दाखवा. खुंट दळणं बहुतेक वेळा वेगळं असतं, १५० ते ४०० डॉलर. त्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या वाहिन्या मोफत आखून घ्या. घराला येणारी वीजतार आड येत असेल, तर आधी वीज कंपनीशी बोला.

कंत्राटदार राज्याच्या ट्री एक्स्पर्ट मंडळाकडे नोंदलेला हवा. दायित्व विमा आणि कामगार भरपाई विमा, दोन्हींची प्रमाणपत्रं थेट विमा कंपनीकडून मागवा. त्यानं स्वतः दिलेली झेरॉक्स चालवून घेऊ नका. गावाच्या वृक्षनियमांत वाळलेल्या झाडाला बहुधा सूट मिळते, पण फोटो किंवा तज्ज्ञाचं पत्र मागतात, म्हणून टाउनशिपला आधी विचारा.

आणि झाड पडेल तेव्हा घराचा विमा बघून घेईल, या भरवशावर राहू नका. उभं वाळलेलं झाड काढायला विमा पैसे देत नाही. घरावर पडलं तरी ते उचलण्यासाठी नेहमीच्या पॉलिसीत एका झाडामागे ५०० आणि एका घटनेला १,००० डॉलर एवढीच मर्यादा असते. झाड वाळल्याचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं असं दिसलं, तर छपराच्या दाव्यावरही वाद होऊ शकतो.