20 मिलिमीटरच्या छिद्रातून श्वास घेणारी रेसिंग कार



आपल्या वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना आहे, त्यामुळे संभाजीनगरच्या मुलांना इंजिन नवीन नाही. तरी वर्गात विचारून बघा, "इंजिनाची ताकद वाढवायला काय कराल?" बहुतेक जण म्हणतील, "जास्त पेट्रोल टाकू." पण 1 ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. म्हणजे खरा प्रश्न हवेचा आहे. ही हवा आत कशी न्यायची, ते आज पाहू.

कोणती कार?

अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः छोटी रेसिंग कार बनवतात आणि फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांत उतरवतात. मुंबईच्या के. जे. सोमय्या महाविद्यालयाचा 'ओरायन रेसिंग इंडिया' हा असाच एक संघ. आपल्याकडची फॉर्म्युला भारत स्पर्धा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर झालेली आहे. अनेक संघ केटीएम 390 मोटारसायकलचं 373 सीसीचं, एका सिलिंडरचं इंजिन वापरतात. पेट्रोल इंजिनासाठी एक नियम कडक आहे: सगळी हवा 20 मिलिमीटर व्यासाच्या गोल छिद्रातूनच आत गेली पाहिजे. या अरुंद भागाला रिस्ट्रिक्टर म्हणतात. ताकदीवर आणि वेगावर मर्यादा राहावी म्हणून हा नियम.

चला, गणित करू

इंजिन मिनिटाला 9000 फेरे फिरतं असं धरा. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतं.
9000 ÷ 2 = 4500 वेळा मिनिटाला, म्हणजे सेकंदाला 75 वेळा.
75 × 0.373 लिटर = सुमारे 28 लिटर हवा.
1 लिटर हवेचं वजन साधारण 1.2 ग्रॅम. म्हणजे सेकंदाला जवळपास 34 ग्रॅम.

20 मिलिमीटरच्या छिद्रातून सेकंदाला जास्तीत जास्त 74 ग्रॅमच्या आसपास हवा जाऊ शकते. तिथे हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचली, की इंजिनाने कितीही ओढलं तरी प्रवाह वाढत नाही.

मग 34 ग्रॅमला अडचण काय? अडचण अशी, की सिलिंडर सतत हवा ओढत नाही. चार स्ट्रोकपैकी एकातच ओढतो. त्या क्षणी मागणी चौपट होते, म्हणजे सुमारे 134 ग्रॅम. छिद्र तेवढं देऊ शकत नाही. सरासरी पुरते, पण ऐनवेळी कमी पडते!

उपाय आपल्या घरातच आहे

आपल्या शहरात पाणी साठवायला कुणाला शिकवावं लागत नाही. नळाची धार बारीक असली तरी टाकी हळूहळू भरते आणि लागेल तेव्हा बादलीभर पाणी एकदम मिळतं. रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांच्यामध्ये अशीच हवेची टाकी बसवतात. तिला प्लेनम म्हणतात. ती फार लहान असेल तर झटके थेट छिद्रापर्यंत पोहोचतात. फार मोठी असेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन उशिरा दाद देतं. मधला आकार शोधणं हीच खरी परीक्षा.

आणखी तीन गोष्टी

1. छिद्रानंतर नळी एकदम रुंद करायची नाही. एकदम रुंद केली तर हवेत भोवरे होतात आणि दाब वाया जातो. म्हणून ती नरसाळ्यासारखी हळूहळू रुंद करतात.
2. हवा थंड जागेतून घ्यायची. 20 अंशांची हवा 40 अंशांची झाली तर सुमारे 6 टक्के विरळ होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे लक्षात ठेवायलाच हवं. धुळीसाठी फिल्टर आलाच.
3. जोड हवाबंद हवेत. इंजिन चालू असताना छिद्र पूर्ण बंद केलं तर ते थांबलं पाहिजे. चालूच राहिलं तर कुठेतरी गळती आहे. ही तपासणी जाणकारांनीच करायची, मुलांनी नाही.

म्हणजे बघा, छिद्र मोठं करायची परवानगी नाही, तरी विचार करायची आहे. साधनं कमी असली की आपल्या शाळांतही असंच वागावं लागतं.

मुलांसाठी उपक्रम

नळाची बारीक धार सोडा. एकदा ग्लास थेट नळाखाली भरा, एकदा भरलेल्या बादलीत बुडवून भरा. कोणता लवकर भरला? का?

आता सोडवा: 200 सीसीचं, चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला 6000 फेरे फिरतं. ते सेकंदाला किती लिटर हवा ओढेल? उत्तर 10 लिटर आलं, की समजा धडा कळला.