घरगुती रेचके आणि पित्ताशय : भय किती, दक्षता किती?

आपल्या वडोदऱ्यातील मराठी घरांत औषधी वनस्पतींची नावेही दोन भाषांत नांदतात. एरंडेलास दिवेल, सोनामुखीस मींढी आवळ, हिरड्यास हरडे आणि बहाव्यास गरमाळो म्हणण्याची आपणांस सवय झाली आहे. एरंडीच्या उत्पादनात गुजरात देशात अग्रेसर आहे, आणि इसबगोलाच्या व्यापाराचे मोठे केंद्र ऊंझा आपल्याच राज्यात आहे. त्यामुळे ‘पोट साफ करण्याची’ औषधे वैद्याला न विचारता घेण्याची प्रथा येथे चांगलीच रुजली आहे.

या संदर्भात माझे रुग्ण मला नेहमी दोन प्रश्न विचारतात. पहिला : “रोज चूर्ण घेतल्याने पित्ताशयात खडे होतात का?” दुसरा अगदी उलट : “खडे पडून जातील असे एखादे चूर्ण आहे का?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. तथापि या दोन नकारांच्या मध्ये एक खरा धोका दडलेला आहे. त्याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

‘पित्त’ या शब्दाचा घोळ

मराठीत ‘पित्त झाले’ म्हणजे बहुधा आम्लपित्त. आयुर्वेदातील पित्त हा त्रिदोषांपैकी एक दोष. त्याच्या शमनासाठी त्या शास्त्रात विरेचन सांगितले आहे. पित्ताशयात साठणारा पित्तरस मात्र यकृतात तयार होणारा एक प्रत्यक्ष द्रव आहे. तिन्हींना एकच शब्द असल्यामुळे, उजव्या बरगडीखाली दुखू लागले की ‘पित्त वाढले, जुलाब घेऊन काढून टाकू’ असा निष्कर्ष सहज निघतो. पित्ताशयात खडा असेल तर हा निष्कर्ष महागात पडू शकतो.

रेचके कशी कार्य करतात?

इसबगोलाचा भुसा पाणी शोषून फुगतो व मलाला मऊपणा आणतो. सोनामुखीतील सेनोसाइड्स लहान आतड्यातून जवळजवळ तशीच पुढे जातात. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे विघटन करतात, आणि त्यातून निर्माण झालेले द्रव्य आतड्याला चालना देते. या दोहोंचा पित्ताशयाशी थेट संबंध नाही.

एरंडेलाचे तसे नाही. ते मुळात तेल आहे. कोणताही स्निग्ध पदार्थ पक्वाशयात पोहोचला की तेथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते आणि पित्ताशय आकुंचन पावते. निरोगी माणसात हे नैसर्गिकच होय. परंतु पित्ताशयात खडे असतील तर या आकुंचनाने एखादा खडा मुखाशी अडकून तीव्र कळ येऊ शकते. तो खाली मुख्य पित्तनलिकेत उतरला तर कावीळ, किंवा स्वादुपिंडाचा गंभीर दाह होण्याचीही शक्यता असते. म्हणूनच पित्ताशयाचा विकार ज्ञात असलेल्यांनी एरंडेल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग खडे कशाने होतात?

बहुतेक खडे पित्तरसातील कोलेस्टेरॉल साकळून होतात. येथे एक बाब अनेकांना अनपेक्षित वाटेल. दीर्घ बद्धकोष्ठतेत मल आतड्यात रेंगाळतो, जिवाणूंच्या क्रियेने डीऑक्सिकोलिक आम्ल वाढते आणि पित्तरस खडे होण्यास अनुकूल बनतो. ब्रिस्टल येथील डॉ. हीटन यांच्या गटाने १९८६ मध्ये दाखविले की बद्धकोष्ठ असलेल्यांना सोनामुखी दिल्यावर पित्तरसाची ही स्थिती सुधारते. अर्थात यावरून कोणी रोज सोनामुखी घ्यावी असे नव्हे. पण ‘चूर्णाने खडे होतात’ या भीतीस आधार नाही, एवढे निश्चित.

अपवाद एकच. वजन उतरविण्यासाठी रेचके व कडक उपवास यांची जोड देणाऱ्यांचे वजन आठवड्याला दीड किलोपेक्षा अधिक घटू लागले, तर खडे होण्याचा संभव वाढतो. त्याचे कारण मात्र वजनातील ही वेगवान घट असते.

खडे ‘पडतात’ का?

तेल व लिंबाचा रस पिऊन शौचावाटे हिरवट गोळे पडल्याचे काहीजण अभिमानाने सांगतात. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी अशा गोळ्यांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यांत कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन वा कॅल्शियम सापडले नाही. ते प्रामुख्याने मेदाम्लांचे, म्हणजे एक प्रकारच्या साबणाचे गोळे होते. रुग्ण समाधान मानतो आणि खडे मात्र पित्ताशयातच राहतात.

खरा धोका : उशीर

एका वृद्ध भगिनींचे उदाहरण देतो. लग्नाच्या जेवणानंतर पोटात दुखू लागले, म्हणून घरच्यांनी दिवेल दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिले. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. सोनोग्राफीत पित्ताशयाच्या मुखाशी खडा व भोवती सूज दिसली. दुखणे जेवणाने सुरू झाले की तेलाने वाढले, हे सिद्ध करता येत नाही. पण वाया गेलेल्या तीन दिवसांमुळे साधी ठरू शकणारी शस्त्रक्रिया अवघड झाली, हे शल्यचिकित्सकाने आम्हांस दाखविले. त्या सुखरूप घरी गेल्या. सर्वांचेच नशीब असे नसते.

वाचकांसाठी काही सूचना

१. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखून ते पाठीकडे वा उजव्या खांद्याकडे जात असेल, तर कोणतेही रेचक घेऊ नये. निदान होईपर्यंत थांबावे.

२. सोनामुखीने लघवीचा रंग पिवळसर-तपकिरी वा लालसर होऊ शकतो. मात्र डोळे पिवळे, मल पांढुरका किंवा अंगास खाज असेल, तर ती कावीळ समजून त्वरित तपासणी करावी.

३. सोनामुखी दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते. क्वचित यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. एक-दोन आठवड्यांपलीकडे तिची गरज भासल्यास बद्धकोष्ठाचे कारण शोधावे.

४. डॉक्टरांना औषधांची यादी सांगताना चूर्ण, काढा व तेलही सांगावे. ‘ते काय, घरचेच आहे’ म्हणून वगळू नये.

५. योगायोगाने आढळलेले, त्रास न देणारे खडे बहुधा तसेच राहू देता येतात. अशांपैकी वर्षाला शंभरात साधारण १ ते ४ जणांनाच त्रास सुरू होतो. त्रास सुरू झाल्यावर मात्र शस्त्रक्रिया टाळू नये. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. आज ती सर्वत्र सुलभ झाली आहे.

भाजीपाला, पुरेसे पाणी, चालणे आणि गरजेपुरते इसबगोल, एवढ्यावर बहुतेकांचे कोठे नीट राहते. आजीच्या बटव्याचा आदर जरूर करावा; पण त्यातील पुडी सोडण्यापूर्वी दुखणे नेमके कोठे आहे, हे तपासून घ्यावे.