बालकाचा क्रूप व आपले कर्तव्य

६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंतच्या मुलास साध्या पडशानंतर एखाद्या रात्री कुत्रे भुंकावे तसा खोकला येऊ लागतो, आवाज बसतो व श्वास आत घेताना कर्कश ध्वनी निघतो. या दुखण्यास क्रूप म्हणतात. हा डांग्या खोकला नव्हे, दृष्टही नव्हे. विषाणूमुळे कंठ व श्वासनळी आतून सुजतात. बालकाची नळी मुळातच अरुंद, म्हणून थोड्या सुजेनेही श्वास कोंडतो.

रडण्याने तो अधिकच कोंडतो. यास्तव मातेने प्रथम स्वतः धीर धरावा, मुलास मांडीवर ताठ बसवून शांत करावे व थोडा वेळ अंगणातील गार हवेत न्यावे. दूध किंवा पाणी थोडे थोडे पाजावे. दृष्ट काढण्यासाठी मिरच्या जाळू नयेत, धूप घालू नये. धुराने श्वासास अपाय होतो. उकळत्या पाण्याची वाफही देऊ नये. तिचा गुण सिद्ध नाही, आणि भाजण्याचे भय आहे. घशात बोट घालू नये.

बहुतेक मुले दोन-तीन दिवसांत बरी होतात. परंतु मूल शांत असतानाही कर्कश ध्वनी थांबेना, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, लाळ गळू लागली, ओठ निळे दिसले किंवा मूल मलूल झाले, तर उजाडण्याची वाट पाहू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सूज उतरविणाऱ्या औषधाची एक मात्रा पुष्कळदा पुरते, पण ती डॉक्टरांनीच द्यावी.

घटसर्पातही कंठ असाच कोंडतो. त्याची लस वेळेवर टोचून घ्यावी, अशी आम्ही सर्व आईबापांस आग्रहाची विनंती करितो.