मावशींचा प्रश्न आणि खडकवासल्याचे दरवाजे

पावसाळा सुरू झाला की होस्टेलच्या मेसमध्ये दोनच विषय असतात. एक म्हणजे भजी कधी होणार, आणि दुसरा म्हणजे 'धरण किती भरलं?' असंच एकदा आम्ही चौघं जेवत होतो. पोळ्या वाढता वाढता मेसच्या मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सिव्हिलवाले ना रे? मग एवढं सांगा. पाऊस येणार हे टीव्हीवर आधीच सांगतात. मग धरणातलं पाणी आधीपासून थोडं थोडं का नाही सोडत? एकदम रात्रीच का सोडतात?"

प्रश्न साधा होता, पण विचारणाऱ्या मावशींचं घर नदीकाठच्या वस्तीत आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. नातवाचं दप्तर, रेशनचे गहू, गादी, सगळं गेलं. 'फ्लड राउटिंग'ची गणितं सोडवून परीक्षेत मार्क मिळवलेल्या आम्हा चौघांना त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. लाज वाटली. मग मी नोट्स पुन्हा काढल्या. मित्रांनो, हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

आधी थोडी मापं. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक सोपं नातं लक्षात ठेवा : ११,५७४ क्यूसेकने दिवसभर पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. हे एवढं पाठ असलं की पेपरातली धरणाची बातमी वाचताना डोक्यातल्या डोक्यात हिशेब करता येतो.

पुण्याच्या वर चार धरणं आहेत. मुठेवर टेमघर (३.७१ टीएमसी), मोसीवर वरसगाव (१२.८२), आंबीवर पानशेत (१०.६५) आणि या तिन्ही नद्यांचं पाणी जिथे एकत्र येतं तिथे खडकवासला (१.९७). एकूण २९.१५ टीएमसी. आता गंमत बघा. शहराच्या डोक्यावर बसलेलं आणि सगळ्यांचं पाणी झेलणारं खडकवासला हेच चौघांत लहान! वरच्या धरणांत जागा असली तरी त्यांच्या खाली डोंगरउतारावर पडलेला पाऊस थेट खडकवासल्यातच येतो. १०० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला असं धरलं, तर एक कोटी घनमीटर पाणी होतं. म्हणजे ०.३५ टीएमसी. एवढ्यानेच खडकवासला १८ टक्के भरतं.

तलाव भरलेला असताना आत ३५ हजार क्यूसेक येत असतील तर बाहेरही साधारण तेवढेच सोडावे लागतात. दुसरा पर्यायच नसतो. तलाव पूर्ण रिकामा असता तरी या वेगाने तो साडेपंधरा तासांत काठोकाठ भरला असता. म्हणजे 'रात्रीच का सोडतात' याचं निम्मं उत्तर असं की, घाटात पाऊस रात्री पडला म्हणून.

आता मावशींच्या प्रश्नाचा खरा गाभा. आधी का नाही सोडत? चला, करून बघू. समजा आपण आधीच तलावाचा एक तृतीयांश भाग, म्हणजे ०.६५ टीएमसी, रिकामा केला. नदीत १० हजार क्यूसेक सोडले तर त्याला १८ तास लागतात. नंतर पूर आला, आत ३५ हजार क्यूसेक आणि आपण बाहेर फक्त १५ हजार सोडतोय, तर उरलेले २० हजार त्या रिकाम्या जागेत साठतात. ती जागा किती वेळ पुरेल? नऊ तास! पूर टळला नाही, पण एक रात्र मिळाली. गादी माळ्यावर टाकायला, म्हाताऱ्या माणसाला शाळेत नेऊन ठेवायला एक रात्र खूप असते.

मग हे दर वेळी का करत नाहीत? कारण निर्णय १८ तास आधी घ्यावा लागतो आणि तोही अंदाजावर. पाऊस आलाच नाही तर? ०.६५ टीएमसी म्हणजे पुण्याचं दहा-बारा दिवसांचं पाणी. शिवाय याच तलावातून निघणाऱ्या कालव्यावर दौंड-इंदापूरची शेती आहे. मे महिन्यात टँकर लागला की लोक त्याच अधिकाऱ्याला विचारणार, जुलैत पाणी का वाहू दिलं? खुर्चीत बसलेल्या इंजिनिअरची ही कोंडी मला हा हिशेब मांडेपर्यंत कळली नव्हती. तरीही माझं मत असं की जुलै-ऑगस्टमध्ये, वरची धरणं भरायच्या मार्गावर असताना, खडकवासला काठोकाठ ठेवण्यात फायदा थोडा आणि धोका मोठा. गेलेलं पाणी वरून पुन्हा मिळण्याची शक्यता तेव्हा चांगली असते.

ही कोंडी नवी नाही. आपल्याच शहरात इंजिनिअरिंग शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली याच खडकवासल्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी जास्तीत जास्त साठवायचं, पण पातळी ठरावीक उंचीच्या वर गेली की दरवाजे आपोआप उघडून पूर बाहेर जायचा. पाणी साठवणं आणि पूर सोडणं, दोन्ही एकाच भिंतीकडून हवं होतं. आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, तेव्हा भिंत गेल्यावर काय होतं हे पुण्याने बघितलं. त्यामुळे धरणाला धोका होईल इतकं पाणी धरून ठेवा असं कुणीच म्हणू शकत नाही.

२०२४ च्या त्या दिवशी सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात गेली. पुलाच्या वाडीत विजेचा धक्का लागून तीन जण गेले. विसर्ग सुमारे ३५ हजार क्यूसेकचा होता. मुठेची निळी पूररेषा ६० हजारांची आणि लाल रेषा एक लाखाची धरलेली आहे. मग ३५ हजारांत घरं का बुडली? एक कारण म्हणजे शहरातच धो धो पाऊस होता. शिवाजीनगरला २४ तासांत ११४ मिलिमीटर. ओढ्या-नाल्यांचं ते पाणी धरणाच्या आकड्यात धरलेलंच नसतं. दुसरं, पात्रात भराव आणि राडारोडा पडला की तेवढ्याच पाण्याची पातळी वर चढते. मावशी सांगतात, २०१९ ला पाणी उंबऱ्याशी थांबलं होतं. त्या वर्षी तर विसर्ग ४५ हजारांच्या वर गेला होता!

निळी रेषा म्हणजे '२५ वर्षांतून एकदा' येणारा पूर. हे ऐकून लोक निर्धास्त होतात. पण दर वर्षी शक्यता ४ टक्के असेल तर २५ वर्षांत निदान एकदा तरी तो येण्याची शक्यता ६४ टक्के होते. कॅल्क्युलेटर घ्या आणि ०.९६ चा पंचविसावा घात काढून बघा.

आता राहिली सूचना. दरवाजे जलसंपदा विभागाच्या हातात, घरं रिकामी करायची महापालिकेने, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. नदी एक, ऑफिसं तीन. धरणापासून दहा किलोमीटरवरच्या घरापर्यंत पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने आलं तर जेमतेम दीड तास मिळतो. त्या दीड तासात निरोप तिन्ही ऑफिसं ओलांडून दारापर्यंत पोचायला हवा. ऑगस्टच्या सुरुवातीला विसर्ग पुन्हा वाढला तेव्हा एकतानगरीत लष्कर आणलेलं होतं. म्हणजे ठरवलं तर आधी पोचता येतं.

हे सगळं मी मावशींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ते क्यूसेक-बिसेक राहू दे बाळा. माझ्या कितव्या पायरीला पाणी येईल, ते सांग."

खरं सांगतो, पूर्ण सेमिस्टरमध्ये याहून चांगला प्रश्न कुणी विचारला नाही. विसर्गाचा आकडा आणि पायरी यांच्यामध्ये जो कोष्टक लागतो, तो बनवणं हे आपल्यासारख्यांचंच काम आहे. आमच्या चौघांचं ठरलंय. येत्या रविवारी डंपी लेव्हल आणि रंगाचा डबा घेऊन वस्तीत जायचं, जुन्या पुरांच्या खुणा लोकांना विचारून भिंतींवर मारायच्या आणि प्रत्येक खुणेशेजारी त्या दिवसाचा विसर्ग लिहायचा. कुणाला यायचं असेल तर सकाळी सातला मेसपाशी भेटा. चहा मावशींकडून!